अकरा जणींची शर्यत

सकाळी खोलीचं दार उघडेना. आधी फिलोमिनानं खांदा लावला, मग मी लावला. दार बाहेरच्या अंगाला उघडणारं, आणि बाहेर रात्रीतून बर्फाचा ढीग लागलेला. शेवटी मी खिडकीतून उडी टाकली, ती थेट मांड्यांपर्यंत आत गेले.

"रंजना, बुडलीस काय गं?" खिडकीतून फिलोमिना ओरडली.

"बुडाले नाही. पण खाली जमीन लागली असंही वाटत नाही."

मी ओंजळभर बर्फ उचलला. त्याचा गोळा होईना. गिरणीतून नुकत्याच आणलेल्या पिठासारखा तो बोटांमधून गळत होता, फुंकर मारली की उडत होता. आमचे प्रशिक्षक सांगायचे, स्की करणारी माणसं अशा बर्फाला पावडर म्हणतात आणि एका दिवसाच्या पावडरीसाठी वर्षभर वाट बघतात. आम्ही दोघी तो पहिल्यांदाच बघत होतो.

ही जानेवारी शहाण्णवची गोष्ट. गढवालातलं मनधार हे काही मोठं नाव नव्हे. खुर्च्यांची एक जुनी लिफ्ट, देवदाराच्या रानातून काढलेला एकच उतार, पायथ्याशी पत्र्याचं विश्रामगृह आणि चहाच्या दोन टपऱ्या. मोठ्या ठिकाणी त्या वर्षी बर्फ कमी पडला म्हणून राष्ट्रीय स्पर्धा इथं हलवली होती. आणि इथं स्पर्धेच्या आदल्या रात्री तीन फूट पडला.

महाराष्ट्राचा महिला संघ म्हणजे मी आणि फिलोमिना डाबरे. मी रंजना थोरवडे, कराडची, कॉलेजात तीन हजार मीटर पळणारी. गिर्यारोहणाच्या क्लबानं मला दोनदा स्कीच्या शिबिराला पाठवलं होतं. फिलोमिना वसईची, तिचंही तसंच. दोघींचं मिळून आयुष्यातलं स्कीइंग अडीच महिन्यांचं. गाडीत लोक विचारायचे, "महाराष्ट्रात बर्फ कुठं असतो हो?" फिलोमिना गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "गोळ्याच्या गाडीवर."

माझं मात्र गंभीर काम होतं. मला पोलीस भरतीत उतरायचं होतं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतल्याच्या प्रमाणपत्राला त्या भरतीत पाच गुण होते. नंबर यायची गरज नव्हती. उतरायचं, खाली पोचायचं, कागद घ्यायचा. एवढ्यासाठी मी अडीच दिवसांचा प्रवास केला होता.

सात वाजता सगळ्यांना उताराच्या पायथ्याशी बोलावलं. मुख्य पंचांनी सांगितलं की बर्फ दाबायचं यंत्र सुरू होत नाही, डिझेल गोठलंय. पुरुषांची शर्यत दहाला आणि महिलांची एकला, वेळ बदलणार नाही. उतार पायांनी तुडवून काढावा लागेल.

आमचे व्यवस्थापक रसाळ सर आमच्याकडे आले. लाल नवं जाकीट, डोळ्यांना काळा चष्मा. ते स्वतः कधी स्कीवर उभे राहिले नव्हते, पण फोटोत स्की हातात धरत.

"मुलींनो, वर चला. तुडवायला सुरुवात करा."

"आणि मुलगे?" मी विचारलं.

"त्यांची शर्यत आधी आहे ना. त्यांचे पाय ताजे राहायला हवेत. तुमच्याकडे काय, दुपारपर्यंत वेळच वेळ आहे."

इतर राज्यांच्या मुलींनाही त्यांच्या त्यांच्या व्यवस्थापकांनी हेच सांगितलं असावं, कारण लिफ्टपाशी आम्ही सगळ्या मिळून अकरा जणी जमलो आणि एकही पुरुष नव्हता.

बर्फ तुडवणं म्हणजे स्की उताराला आडव्या ठेवायच्या आणि एक एक पाऊल आपटत खाली सरकायचं. एक पाय आपटा, दुसरा त्याच्या शेजारी आणून आपटा. अकरा जणी एका ओळीत, उताराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. वरून खाली गेलो की लिफ्टनं पुन्हा वर, पुन्हा तेच. पहिल्या फेरीत आम्ही हसत होतो. तिसऱ्या फेरीला कुणी बोलेना. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता आणि मफलरीवर श्वासाचा बर्फ जमत होता.

माझ्या शेजारी हिमाचलची यांगचेन होती. एकोणीस वर्षांची, बुटकी, गालांवर उन्हानं भाजल्याचे लाल डाग. ती आमच्यासारखी शिबिरात शिकलेली नव्हती. त्यांच्या गावी हिवाळ्यात दुकानात जायचं तरी स्की लागत. ती पाय आपटता आपटता सारखी डावीकडे बघत होती. आमच्या पट्ट्याच्या पलीकडे देवदारांपर्यंत उतार तसाच पडला होता. त्यावर पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता.

"दीदी, असली तो उधर है," ती मला म्हणाली. "हम यहाँ सड़क बना रहे हैं."

साडेदहाला उतार तयार झाला. बोर्डासारखा सपाट, टणक. बांबूचे झेंडे रोवले गेले. पुरुष उतरायला लागले आणि आम्ही पायथ्याशी बसून बघत राहिलो. खरं सांगते, पहिला गडी आमच्या त्या पट्ट्यावरून झेंड्यांमधून वळणं घेत खाली आला तेव्हा मलाही भारी वाटलं. टाळ्या वाजवल्या आम्ही. फिलोमिना म्हणाली, "बघ, काय फरशी घातलीय आपण!"

बेचाळीस पुरुष होते. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. एक वाजून गेला, दोन वाजून गेले. आम्ही बूट घट्ट करून, अंगावर नंबर बांधून तयार बसलो होतो. माझा नंबर आठ. अडीचला बक्षीस समारंभाचे पाहुणे जीपमधून आले. त्यांच्यामागे ढोल वाजायला लागला. आणि आमच्यासमोर लिफ्ट थांबली. रिकाम्या खुर्च्या हवेत हलत राहिल्या.

कर्ण्यावरून घोषणा झाली. जादा बर्फ आणि वेळेअभावी महिलांची शर्यत रद्द करण्यात येत आहे. महिला खेळाडूंच्या सुरक्षेचा विचार करून.

"सुरक्षा?" फिलोमिना म्हणाली. "सकाळपासून कुणाची सुरक्षा होती मग?"

रसाळ सर हातात कागद घेऊन लगबगीनं आले. "थोरवडे, तू कॅप्टन आहेस ना? इकडे ये. एक सही कर, आणि डाबरेचीही घेऊन टाक."

कागदावर लिहिलं होतं, की हवामान पाहता आम्ही स्वखुशीनं शर्यतीतून माघार घेत आहोत.

"सर, आम्ही कुठं माघार घेतली?"

"अगं, कागदाला लागतं तसं. घाबरू नकोस, प्रमाणपत्र सगळ्यांना मिळणार आहे. भाग घेतला म्हणून. मी बोलून ठेवलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला भरतीला हवंय ना? मिळालं समज. न पडता, न झडता मिळतंय. आणखी काय पाहिजे?"

त्यांनी पेन पुढं केलं. मी घेतलं. हे मी लपवत नाही, मी पेन हातात घेतलं होतं. शेजारी फिलोमिना वाकून बुटांची बकलं सोडत होती. स्कीचे बूट दिवसभर पाय आवळून धरतात, ते सोडले की जिवाला बरं वाटतं. तिनं एक बूट काढला आणि हाश्श केलं. तिच्या मोज्याला टाचेजवळ रक्त लागलं होतं. सकाळच्या तुडवण्याचं.

मी माझ्या मांड्यांकडे बघितलं. बसल्या जागी त्या थरथरत होत्या. मी साडेतीन तास पाय आपटले होते आणि झेंड्यांमधून अजून एकदाही खाली उतरले नव्हते.

"सर," मी म्हणाले, "मी अजून बूट काढलेले नाहीत."

"मग काढ की. सही कर आणि काढ."

मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि यांगचेनकडे गेले. माझं हिंदी त्या काळी कराडचं हिंदी होतं. "यांगचेन, तेरे को उतरने का है?"

तिनं लिफ्टकडे बघितलं. "लिफ्ट बंद है."

"पाँव है ना."

ती हसली आणि उठून तिनं स्की खांद्यावर टाकल्या. तिच्यामागे काश्मीरची मुलगी उठली, मग दिल्लीच्या दोघी. कुणी कुणाला समजावलं नाही. पाच मिनिटांत अकराच्या अकरा उभ्या होत्या. फिलोमिना सगळ्यांत शेवटी उठली. रक्ताच्या मोज्यावर बूट चढवताना ती मला शिव्या देत होती. "रंजना, मला ते सर्टिफिकेट पाहिजे, कळलं? मी येतेय, पण मला ते पाहिजे."

"मग सही कर आणि बस इथं."

"बसवत नाही ना, तेच तर!"

शर्यतीचे झेंडे उपटून चहाच्या टपरीशेजारी रचले होते. आम्ही प्रत्येकीनं दोन दोन बांबू उचलले. शेवटच्या रेषेपाशी वेळ मोजणारे भंडारीजी अजून आपल्या टेबलाशी बसून होते. साठीच्या पुढचे, माकडटोपी घातलेले, त्याच भागातले निवृत्त शिक्षक. मी त्यांच्यापाशी थांबले.

"भंडारीजी, घड़ी चालू है?"

"घड़ी तो चालू है, बेटी. रेस बंद है, ऐसा बोल रहे हैं."

"और आप?"

त्यांनी समारंभाच्या मांडवाकडे एकदा बघितलं, मग टेबलावरचा कोरा कागद पुढं ओढला. "मुझे तो किसी ने उठने को नहीं कहा."

वर चढायला पाऊण तास लागला. तुडवलेल्या पट्ट्याच्या कडेकडेनं आम्ही चढत होतो. एका खांद्यावर स्की, दुसऱ्यावर बांबू. खालून रसाळ सरांची हाक दोनदा ऐकू आली, "थोरवडे! थोरवडे, खाली ये!" मग कर्ण्यावर भाषण सुरू झालं आणि हाक त्यात बुडाली. वर पोचलो तर आमचा पट्टा दोर लावून बंद केला होता. शिवाय पुरुषांच्या चौऱ्याऐंशी फेऱ्यांनी त्यात खोल चर पडले होते आणि ते आता दगडासारखे गोठायला लागले होते.

यांगचेन डावीकडे बघत उभी होती. तिकडे दोर नव्हता. तो उतार कुणाच्या हिशेबातच नव्हता.

"इसमें कैसे उतरेंगे?" दिल्लीच्या मुलीनं विचारलं. "कमर तक है."

"पीछे बैठो, नोक ऊपर रखो, और रुको मत," यांगचेन म्हणाली. "रुके तो डूबे."

तिनंच झेंडे लावले. एकेक बांबू रोवत ती खाली गेली आणि आम्ही वरून बघून मार्ग पाठ केला. बावीस बांबू, अकरा वळणं. झेंडे लावत गेली म्हणून तिचा वेळ धरायचा नाही असं ठरलं होतं, त्यामुळं ती पुन्हा पायी वर आली. ती येईपर्यंत आम्ही गारठलो, पण कुणी कुरकुरलं नाही. काश्मीरच्या मुलीनं आपला लाल स्कार्फ स्कीच्या काठीला बांधला. तो खाली आला की भंडारीजींनी घड्याळ सुरू करायचं. खालून त्यांनी हात वर केला. त्यांना दिसत होतं.

यांगचेन पहिली गेली. ती बर्फावरून गेली असं म्हणता येत नाही. ती बर्फातून गेली. गुडघे आत, प्रत्येक वळणाला पांढरा पडदा उडायचा आणि ती त्यातून बाहेर यायची. खाली भाषण चालू होतं. आम्हाला वरून दिसलं, मांडवातल्या पाठमोऱ्या माणसांमधलं एक डोकं वळलं, मग दहा वळली, मग ढोलवाला उठून उभा राहिला.

फिलोमिना पाचवी होती. चौथ्या वळणाला ती पडली आणि तिची एक स्की पायातून सुटून बर्फात गडप झाली. काठीनं खुपसून खुपसून शोधली तरी सापडेना. शेवटी एक स्की काखेत मारून ती कंबरभर बर्फातून तशीच खाली निघाली. जाता जाता वर बघून ओरडली, "रंजना, चौथ्याला डावीकडून जा! खड्डा केलाय मी!"

माझी पाळी आली. काठी खाली आली आणि मी सुटले.

पहिली दोन वळणं मी शिबिरात शिकवल्यासारखी घेतली आणि दोन्ही वेळा बुडता बुडता वाचले. शिकलेलं तिथं चालत नव्हतं. तिसऱ्याला मी मागं रेलले आणि स्कीची टोकं वर आली. पायांखालचा आवाज बंद झाला. टणक बर्फावर स्की खरखरते, इथं काहीच नाही. खालून कुणीतरी अलगद उचलून धरलंय असं वाटलं. फिलोमिनाचा खड्डा डावीकडून टाळला. पाचवं, सहावं. तोंडात बर्फ, नाकात बर्फ, चष्म्यावर बर्फ. मी ओरडत होते असं नंतर मला खालच्यांनी सांगितलं. काय ओरडत होते ते मला आठवत नाही.

सातव्या वळणाला पडले. पूर्ण बुडाले, वर खाली कळेना. काठी टेकवावी तर ती मुठीपर्यंत आत जायची. दोन्ही काठ्या आडव्या ठेवून त्यांवर जोर देऊन उठले, स्की पायात आहेत हे बघितलं आणि पुन्हा सोडलं. नवव्याला पुन्हा पडले. तेव्हा मात्र मांड्यांनी नकार दिला. मी तिथं बसून राहिले असते. पण रसाळ सर शेवटच्या रेषेपर्यंत आले होते आणि दोन्ही हातांनी मला "थांब, थांब" अशी खूण करत होते. ती बघितली आणि मी उठले.

"दो मिनट चौदह," रेषा ओलांडल्यावर भंडारीजी शांतपणे म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

नऊ जणी पुऱ्या उतरल्या. फिलोमिनाची स्की गेली आणि ओडिशाच्या मुलीचा गुडघा मुरगळला. यांगचेनचा वेळ एक मिनिट एकवीस. भंडारीजींनी अकरा नावं क्रमानं लिहिली, खाली सही केली आणि कागद मुख्य पंचांच्या टेबलावर नेऊन ठेवला. पंचांनी तो न वाचता घडी करून खिशात टाकला. समारंभ उरकला. पुरुषांना पदकं मिळाली.

दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या आधी रसाळ सरांनी प्रमाणपत्रं वाटली. माझं नाव सुंदर अक्षरात होतं. महिलांच्या शर्यतीत भाग घेतला. क्रमांकाच्या जागी रेघ.

"सर, इथं सातवी लिहा."

"कसली सातवी? शर्यत झालीच नाही."

"मग मी भाग कशात घेतला?"

"थोरवडे, डोकं ठिकाणावर ठेव. पाच गुण आहेत यात. आयुष्य आहे तुझं. घे गुपचूप."

"झाली असेल तर सातवी लिहा. झाली नसेल तर हे खोटं आहे, मला नको."

"मी लिहू शकत नाही."

"मग राहू दे."

बसमधल्या सगळ्यांसमोर मी तो कागद त्यांच्या हातात परत दिला. फिलोमिनानं तिचा घेतला. तिच्या घरी धाकट्या दोन बहिणी होत्या आणि पुढं त्या कागदावर तिला रेल्वेत नोकरी लागली. मी तिला कधी बोल लावला नाही. प्रवासभर ती माझा हात धरून बसली होती.

महिन्याभरानं संघटनेचं पत्र आलं. शिस्तभंगाबद्दल दोन वर्षांची बंदी, माफीपत्र पाठवल्यास फेरविचार होईल. मी पाठवलं नाही. त्यानंतर मी पुन्हा कुठल्याच शर्यतीत स्कीवर उभी राहिले नाही.

जूनमध्ये भरतीची यादी लागली. मी तीन गुणांनी राहिले.

शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागायला मला पुढं चार वर्षं गेली. पण ते नंतरचं. त्या दिवशी यादी बघून मी थेट आप्पांकडे गेले. माझे वडील ट्रकवर पाट्या आणि नक्षी रंगवायचे. मार्केट यार्डाबाहेर एका ट्रकच्या फाळक्यासमोर ते उकिडवे बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जे पाच महिने घरात सांगितलं नव्हतं. बर्फ तुडवल्याचं, लिफ्ट बंद केल्याचं, आणि कागद परत दिल्याचं. तो घेतला असता तर आज यादीत नाव असतं हेही सांगितलं. त्यांनी दोन शब्द बोलावेत, रागवावं, असं मला वाटत होतं.

आप्पांनी हातातलं अक्षर पुरं केलं. ब्रश डब्याच्या काठाला निपटला.

"कितवी आल्तीस?"

"सातवी."

"कितीत?"

"नवात."

"वरनं सुटल्या कितीजणी?"

"अकरा. पण दोघींची पुरी झाली नाही, आप्पा."

"का पुरी झाली न्हाई ते त्यांचं त्या बघतील," ते म्हणाले आणि त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "अकरा सुटल्या, तू सातवी. चौघी तुझ्या मागं हायत. लोकांस्नी सांगताना नीट सांगत जा."